पकडलेले विष सोडायचे कुठे? पाण्यातील कीडनाशके आणि पुन्हा वापरता येणारे अधिशोषक

शेतात फवारलेल्या कीडनाशकाचा जो भाग पिकावर न बसता जमिनीवर पडतो, त्यातला काही उन्हामुळे व मातीतील सूक्ष्मजीवांमुळे विघटित होतो, काही मातीच्या कणांना धरून राहतो आणि उरलेला पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत उतरतो किंवा झिरपत झिरपत विहिरीपर्यंत पोहोचतो. कीडनाशक या शब्दात येथे किडी मारणारी, तण मारणारी आणि बुरशी मारणारी अशी तिन्ही प्रकारची रसायने धरली आहेत. पाण्यात त्यांचे प्रमाण इतके थोडे असते, की रंग, वास किंवा चव यांवरून त्यांचा सुगावा लागत नाही, आणि पाणी उकळल्याने किंवा तुरटी फिरवल्याने ती बहुतांशी जातही नाहीत. क्लोरीन टाकल्याने तर क्लोरपायरीफॉससारख्या कीटकनाशकाचे रूपांतर ऑक्सॉन नावाच्या, मूळ रसायनाहून अधिक विषारी संयुगात होते. अशा पाण्यातून हे रेणू वेगळे काढण्याच्या ज्या पद्धती आज वापरात आहेत, त्यांत सर्वांत जुन्या आणि अजूनही सर्वांत भरवशाच्या पद्धतींपैकी एक अधिशोषणाची आहे. ती कोठवर पोहोचली आहे, आणि अधिशोषक पदार्थ पुन्हा पुन्हा वापरता येतील असे जे गेली वीस वर्षे सांगितले जाते त्यात तथ्य किती, याचा हा आढावा आहे.

प्रश्नाचे परिमाण लक्षात येण्यासाठी पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेल्या मर्यादांकडे आधी पाहावे लागते. युरोपीय समुदायाने १९८०च्या निर्देशात कोणत्याही एका कीडनाशकासाठी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग, अशी मर्यादा घातली आणि सर्व कीडनाशकांच्या बेरजेला ०.५ मायक्रोग्रॅमची कमाल सीमा ठेवली. ही मर्यादा विषारीपणाच्या हिशेबातून आलेली नव्हती. पाण्यात कीडनाशक असूच नये ही भूमिका घेऊन त्या काळच्या उपकरणांना जेवढे मोजता येत होते तेवढ्यावर ती बेतली होती. या मापाने पाहिले तर एक ग्रॅम कीडनाशक एक कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या २०१२च्या मानकात मात्र प्रत्येक रसायनाला वेगळी मर्यादा आहे: अ‍ॅट्राझिनला २ मायक्रोग्रॅम, एंडोसल्फानला ०.४, मोनोक्रोटोफॉसला १, क्लोरपायरीफॉसला ३० आणि मॅलॅथिऑनला १९०. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने फेब्रुवारी २००३मध्ये बाटलीबंद पाण्यात आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शीतपेयांत कीडनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, आणि बाटलीबंद पाण्याला युरोपचीच ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा लागू झाली. परिणामी क्लोरपायरीफॉसच्या बाबतीत बाटलीतल्या पाण्याला आणि नळाच्या पाण्याला लावलेल्या मापांत आज तीनशे पटींचे अंतर आहे, आणि हे अंतर कोणत्याही शास्त्रीय कारणाने समर्थनीय ठरत नाही.

अधिशोषण म्हणजे द्रवातील किंवा वायूतील रेणू एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटणे. स्पंज पाणी आत ओढून घेतो तसे येथे घडत नाही; सारा व्यवहार पृष्ठभागावर होतो, म्हणून पृष्ठभाग जितका मोठा तितकी जागा अधिक. नारळाच्या करवंटीचा, लाकडाचा किंवा दगडी कोळसा वाफेच्या सान्निध्यात सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवला, की त्यात असंख्य सूक्ष्मरंध्रे तयार होतात आणि एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० ते १,५०० चौरस मीटरपर्यंत जातो. यालाच सक्रियित कोळसा म्हणतात. कोळशाने द्रवातील रंग निघून जातो हे तोबियास लोविट्झ यांनी १७८५मध्ये दाखवले होते, आणि त्या चिकटण्याला गणिती रूप हर्बर्ट फ्रॉयंडलिश व अर्व्हिंग लँगम्यूर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दिले. कीडनाशकाचा रेणू कोळशावर का बसतो, याचे मुख्य कारण असे की यांतले बरेचसे रेणू पाण्याला धार्जिणे नसतात. एंडोसल्फान लिटरभर पाण्यात जेमतेम एक तृतीयांश मिलिग्रॅम विरघळते. अशा रेणूला पाण्यात राहण्यापेक्षा कार्बनच्या जलविरोधी पृष्ठभागाला लगटणे ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे असते. त्यातच रेणूत बेंझिनसारखे सपाट कडे असेल, तर ते ग्रॅफाइटसारख्या थरांवर पातळ पापुद्र्याप्रमाणे पसरते आणि पकड आणखी घट्ट होते.

ही पद्धत एखाद्या संपूर्ण समाजाला किती काळ तारू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप व मार्टिनिक या फ्रेंच बेटांचे आहे. तेथे केळीच्या कंदात शिरणाऱ्या सोंड्या भुंग्याविरुद्ध १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन हे कीटकनाशक बागांच्या मातीत घातले गेले. दहा कार्बन अणूंचा बंदिस्त पिंजरा आणि त्यावर दहा क्लोरीन अणू, अशी त्याची रचना असल्याने सूक्ष्मजीवांना ते सहजी फोडता येत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील होपवेल येथे हेच रसायन बनवणारा कारखाना कामगारांच्या मज्जासंस्थेवर झालेल्या परिणामांमुळे १९७५मध्ये बंद पडला होता आणि जेम्स नदीतील मासेमारीवर निर्बंध आले होते. तरीही बेटांवर वापर पुढे अनेक वर्षे चालूच राहिला. १९९९च्या सुमारास ग्वादलूपमधील बास-तेर भागाच्या झऱ्यांत, म्हणजे लोक पीत असलेल्या पाण्यात, ते मोठ्या प्रमाणात आढळले, तेव्हा काही झरे बंद करून जलशुद्धीकरण केंद्रांत सक्रियित कोळशाच्या गाळण्या बसवण्यात आल्या. त्या गाळण्यांवाचून तेथील पाणीपुरवठा आजही चालत नाही. बेटांवरील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात हे रसायन सापडते. ते मुख्यतः कंदमुळे, मासे आणि जनावरांच्या मांसातून येते, म्हणजे गाळणी नळाचे पाणी सांभाळते, पण मातीला हात लावू शकत नाही. ग्वादलूपमधील विद्यापीठात सारा गास्पार यांच्या गटाने बेटावरच्याच उसाच्या चिपाडांपासून सक्रियित कोळसा बनवून क्लोरडेकोनवर त्याचा उपयोग तपासला, यामागे बाहेरून आणाव्या लागणाऱ्या कोळशाच्या खर्चाची जाणीव आहे.

खर्चाचा हा मुद्दा अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. मक्याच्या पट्ट्यात वसंत ऋतूतील पहिल्या पावसाबरोबर नद्यांतील अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचे प्रमाण एकदम वाढते, आणि जलशुद्धीकरण केंद्रांना त्या काळात कोळशाची भुकटी पाण्यात मिसळावी लागते किंवा कायमचे कोळशाचे थर बसवावे लागतात. हा भुर्दंड ग्राहकांनी का सोसावा, या प्रश्नावर मध्य-पश्चिमेतील पाणीपुरवठा संस्थांनी उत्पादक कंपनीविरुद्ध दावे लावले आणि २०१२मध्ये १०.५ कोटी डॉलरांची तडजोड झाली. भुकटी एकदा वापरली की गाळाबरोबर जाते. तिचा पुनर्वापर होत नाही. दाणेदार कोळशाचा थर मात्र भरला, की काढून भट्टीत नेता येतो.

पुनर्वापराची ही सर्वांत रूढ पद्धत समजून घेतल्याशिवाय नव्या पदार्थांचे मोल करता येणार नाही. भरलेला कोळसा आधी वाळवतात, मग तापमान वाढवत नेतात. हलके रेणू उडून जातात, जड रेणूंचे विघटन होऊन त्यांचा कोळसा रंध्रांत मागे उरतो आणि शेवटी ८०० अंशांच्या वर वाफेने तो उरलेला थर जाळून रंध्रे मोकळी केली जातात. बाहेर पडणारा वायू वेगळ्या कक्षात पूर्ण जाळावा लागतो, कारण क्लोरीनयुक्त कीडनाशके अर्धवट जळाली तर डायॉक्सिनसारखी विषे तयार होण्याचा धोका असतो. प्रत्येक फेरीत साधारणपणे पाच ते पंधरा टक्के कोळसा जळून किंवा झिजून जातो आणि तेवढी नवी भर घालावी लागते. ही व्यवस्था मोठ्या शहराला किंवा अनेक केंद्रांनी मिळून चालवलेल्या भट्टीला परवडते. खेड्यातल्या टाकीला किंवा घरातल्या गाळणीला ती नसतेच, आणि म्हणून घरगुती गाळणीतला कोळसा संपला की तो त्यात साठलेल्या सगळ्या विषासकट कचऱ्यात जातो.

हीच उणीव भरून काढण्यासाठी गेल्या दोन दशकांत भट्टीशिवाय, साध्या धुण्याने मोकळे होणारे अधिशोषक शोधण्याची मोठी लाट आली. २०१६मध्ये अमेरिकेत विल्यम डिक्टेल यांच्या गटाने बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनपासून बनवलेला एक सच्छिद्र बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, जाहीर केला. सायक्लोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून मिळणारे, सात ग्लुकोज घटकांचे कडे असते. त्याची बाहेरची बाजू पाण्यात मिसळते आणि आतली पोकळी जलविरोधी असल्याने योग्य मापाचा सेंद्रिय रेणू तिच्यात जाऊन बसतो. या पदार्थाचा पृष्ठभाग ग्रॅमला अडीचशे चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे चांगल्या कोळशाच्या निम्म्याहून कमी होता, तरी तणनाशक मेटोलाक्लोरसह अनेक प्रदूषके त्याने कोळशापेक्षा कितीतरी वेगाने पकडली, आणि खोलीच्या तापमानाला मिथेनॉलने धुतल्यावर तो पुन्हा कामाला आला. पृष्ठभागाचा आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे, हे या प्रयोगाने ठळकपणे दाखवले.

भारतातील काम प्रामुख्याने चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत थलाप्पिल प्रदीप यांच्या गटाने उभे केले. चांदीचे अतिसूक्ष्म कण अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांवर बसवून एंडोसल्फान, मॅलॅथिऑन व क्लोरपायरीफॉस पाण्यातून काढण्याचे त्यांचे तंत्र २००७मध्ये घरगुती गाळणीच्या रूपाने बाजारात आले. त्यात विषाचा रेणू चांदीवर नुसता बसत नाही, तर क्लोरपायरीफॉससारख्या रेणूतील बंध तुटतात आणि त्यातले गंधक चांदीला धरून राहते. विष मोडते हा मोठा लाभ आहे, पण चांदीचा पृष्ठभाग त्यात खर्ची पडतो, म्हणून या अर्थाने तो पुन्हा वापरता येणारा पदार्थ नाही. याच गटाने २०१३मध्ये ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या थरावर, याच तीन कीटकनाशकांचे अधिशोषण तपासले आणि ग्रॅमला सुमारे ८०० ते १,२०० मिलिग्रॅम इतकी धारणक्षमता नोंदवली. विद्रावकाने धुऊन ते पुन्हा वापरता येते, हा त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच आलेला दावा होता.

तिसरी शाखा धातू-सेंद्रिय जालकांची. धातूच्या अणूंचे गुच्छ सांध्यांच्या जागी आणि सेंद्रिय रेणू दांड्यांच्या जागी ठेवून ही जालके बांधली जातात, आणि रंध्रांचा आकार व स्वभाव आधी ठरवून ती घडवता येतात. सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन व ओमर याघी यांना २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल याच कामासाठी मिळाले. सुरुवातीच्या काळातील प्रसिद्ध जालके मात्र पाण्यातच मोडत, त्यामुळे जलशुद्धीसाठी ती निरुपयोगी होती. ऑस्लो विद्यापीठात २००८मध्ये तयार झालेल्या झिर्कोनियमवर आधारित यूआयओ-६६ने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली, आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एनयू-१००० या त्याच कुळातील जालकाने पाण्यातील अ‍ॅट्राझिन पाच मिनिटांच्या आत उचलल्याचे २०१९मध्ये नोंदवले गेले. धातूविना केवळ सहसंयुजी बंधांनी बांधलेल्या सेंद्रिय जालकांच्या बाबतीत हीच अडचण सोडवण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा आहे: राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२मध्ये अशी जालके बनवली, जी आम्लात आणि उकळत्या पाण्यातही टिकतात. जो पदार्थ पुन्हा पुन्हा धुवायचा आहे, त्याच्यासाठी टिकणे हा पहिला गुण आहे, आणि म्हणून हे काम कीडनाशकांसाठी केलेले नसले तरी या विषयाच्या पायात येते. याशिवाय लोहाच्या ऑक्साइडचे कण मिसळून चुंबकाने ओढून काढता येणारे अधिशोषक, आणि ठरावीक कीडनाशकाच्या रेणूभोवती घडवून मग तो रेणू काढून घेतल्यावर त्याच्या मापाची पोकळी मागे ठेवणारे छापील बहुवारिक, अशाही शाखा आहेत. पहिल्याने वेचण्याची सोय होते, दुसऱ्याने निवड अचूक होते, पण मुख्य प्रश्न दोहोंतही तोच राहतो.

तो प्रश्न धुतल्यानंतरचा आहे. लिटरला एक मायक्रोग्रॅम कीडनाशक असलेले एक लाख लिटर पाणी अधिशोषकातून गेले, तर त्यातून काढलेले शंभर मिलिग्रॅम विष धुण्याच्या काही लिटर मिथेनॉलमध्ये येऊन साठते. विष नाहीसे झालेले नाही. ते मोठ्या पाण्यातून थोड्या विद्रावकात गेले आहे, आणि तो विद्रावक स्वतः विषारी व ज्वालाग्राही आहे. ऊर्ध्वपातनाने विद्रावक परत मिळवता येतो, पण तळाशी उरलेला गाळ जाळण्यासाठी वा मोडण्यासाठी पुन्हा व्यवस्था लागतेच. पुनर्वापराचे बहुसंख्य शोधनिबंध अधिशोषक चार-पाच फेऱ्यांनंतर किती टक्के कार्यक्षम राहिला एवढे सांगून थांबतात आणि धोवणाचे पुढे काय झाले याविषयी एक ओळही लिहीत नाहीत. चार-पाच फेऱ्यांचा आकडाही फसवा असतो. प्रत्येक फेरीत क्षमता मागील फेरीच्या ९५ टक्के राहत असेल, तर पाच फेऱ्यांनंतर ती ७७ टक्के दिसते आणि निष्कर्ष समाधानकारक वाटतो. दहा फेऱ्यांनंतर ती ६० टक्के आणि वीस फेऱ्यांनंतर ३६ टक्के होते. हेच प्रमाण ९९ टक्के असेल, तर वीस फेऱ्यांनंतरही ८२ टक्के क्षमता शिल्लक असते. ९५ आणि ९९ यांतला फरक पाच फेऱ्यांच्या प्रयोगात मोजमापाच्या चुकीत लपून जाऊ शकतो, पण महागडा पदार्थ परवडणार की नाही हे त्याच फरकावर ठरते.

या दृष्टीने मँचेस्टर येथे निगेल ब्राऊन व एडवर्ड रॉबर्ट्स यांनी केलेल्या कामाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही. त्यांच्या गटाने २००४मध्ये अ‍ॅट्राझिनसाठी रंध्रे नसलेले, वीज वाहून नेणारे ग्रॅफाइटचे कण वापरले. अशा कणांचा पृष्ठभाग सक्रियित कोळशाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी असतो आणि धारणक्षमताही त्याच मानाने थोडी. क्षमतेच्या स्पर्धेत हा पदार्थ पहिल्याच फेरीत बाद झाला असता. परंतु रंध्रे नसल्यामुळे रेणू बाहेरच्या पृष्ठभागावरच बसतो, म्हणून पकडणेही झटपट होते, आणि कण तळाशी बसल्यावर त्यांतून वीजप्रवाह सोडला की थोड्याच मिनिटांत रेणूचे जागच्या जागी ऑक्सिडीकरण होऊन कण जवळजवळ पूर्ववत मोकळे होतात. विद्रावक नाही, भट्टी नाही, कोळसा काढून वाहून नेणे नाही. थोडे पकडायचे, लगेच मोडायचे, पुन्हा पकडायचे, अशी ही पद्धत आहे, आणि पुनर्वापर या कल्पनेचा पूर्ण अर्थ तिच्यात उतरलेला दिसतो. खारट पाण्यात अशा विद्युत्-ऑक्सिडीकरणात क्लोरीनयुक्त उपपदार्थ तयार होण्याचा धोका असतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी तपासावा लागेल. कोळशावर टायटॅनियम डायऑक्साइड बसवून अतिनील प्रकाशात विष मोडण्याचे प्रयत्नही याच दिशेचे आहेत, मात्र प्रकाश रंध्रांच्या आत पोहोचत नाही ही त्यांची मर्यादा आहे.

प्रयोगशाळा आणि नदी यांतले अंतर हा या साहित्यातला दुसरा मोठा दोष आहे. धारणक्षमतेचे डोळे दिपवणारे आकडे बहुधा शुद्ध केलेल्या पाण्यात, लिटरला दहा ते शंभर मिलिग्रॅम कीडनाशक घालून काढलेले असतात. फ्रॉयंडलिश समीकरणानुसार धारणक्षमता पाण्यातील प्रमाणाच्या एका घातांकाने बदलते, आणि तो घातांक ०.५ धरला, तर लिटरला १०० मिलिग्रॅमवरून ०.१ मायक्रोग्रॅमवर, म्हणजे दहा लाख पटींनी खाली, आल्यावर क्षमता हजार पटींनी घटते. ग्रॅमला ५०० मिलिग्रॅमचा पदार्थ तेथे अर्धा मिलिग्रॅमचा उरतो. शिवाय नदीच्या पाण्यात पालापाचोळा कुजून आलेली ह्यूमिक द्रव्ये लिटरला काही मिलिग्रॅम, म्हणजे कीडनाशकाच्या हजारो पट, असतात. ती रंध्रांची तोंडे बुजवतात, जागा अडवतात आणि धुतल्यावर सहजी निघत नाहीत. नव्या पदार्थाची परीक्षा खऱ्या नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यात, मायक्रोग्रॅमच्या पातळीवर आणि वाहत्या स्तंभात झाली नसेल, तर त्याच्या आकड्यांवरून पाणीपुरवठ्याविषयी काहीही ठरवणे योग्य होणार नाही.

काही रेणू तर अधिशोषणाला दादच देत नाहीत. ब्रिटनमध्ये गोगलगाई मारण्यासाठी वापरले जाणारे मेटाल्डिहाइड २००७च्या सुमारास पाण्यात मोठ्या प्रमाणावर आढळू लागले; लहान, ध्रुवीय आणि पाण्यात रमणारा हा रेणू कोळशाच्या थरांतून फारसा न अडता पार जात असे. शेवटी उपाय गाळणीत मिळाला नाही. पूर्व इंग्लंडमधील अँग्लियन वॉटर या पाणीपुरवठा कंपनीने २०१५पासून जलाशयांच्या पाणलोटातील शेतकऱ्यांना मेटाल्डिहाइड सोडून फेरिक फॉस्फेट वापरण्यासाठी पैसे दिले, आणि २०२२च्या वसंतापासून ग्रेट ब्रिटनमध्ये मेटाल्डिहाइडच्या उघड्यावरील वापरावर बंदी आली. स्वित्झर्लंडमध्ये क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकावर २०२०च्या आरंभी बंदी घातली गेली, पण त्याचे विघटित अवशेष भूजलात राहिले आहेत आणि तेही कोळशाला नीट जुमानत नाहीत. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे, कारण येथील शेतीत आज किंवा अलीकडेपर्यंत वापरली गेलेली अनेक रसायने याच जातीची आहेत: मोनोक्रोटोफॉस पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, इमिडाक्लोप्रिड लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम विरघळते आणि ग्लायफोसेट ऋणप्रभारित असल्याने कार्बनपेक्षा लोह, अ‍ॅल्युमिनियम किंवा झिर्कोनियमच्या पृष्ठभागाला अधिक धरते. एंडोसल्फान किंवा क्लोरपायरीफॉसवर यशस्वी ठरलेला अधिशोषक यांच्यावरही चालेल, असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

कच्च्या मालाची येथे वाण नाही. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचून झाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या, साखर कारखान्यांतील चिपाडे, कोकण-गोव्यातील करवंट्या या सर्वांपासून चांगला कोळसा होतो. चिपाडे जाळल्यावर बॉयलरच्या धुराड्यात उडणाऱ्या राखेने लिंडेन व मॅलॅथिऑन पाण्यातून निघतात, हे रूरकी येथील संशोधकांनी २००२मध्येच दाखवले. दख्खनच्या काळ्या मातीतील स्मेक्टाइट हे चिकणखनिजही उत्तम अधिशोषक आहे: त्याच्या पातळ थरांवर ऋण प्रभार असल्याने पॅराक्वाटसारखे धनप्रभारित तणनाशक त्यात इतके घट्ट अडकते, की पॅराक्वाटच्या विषबाधेत तशाच प्रकारची माती रोग्याला पाजली जाते. पण घट्ट अडकणे आणि पुनर्वापर या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि स्वस्त पदार्थाच्या बाबतीत पुनर्वापराचा आग्रह धरण्याचे कारणही नाही. पऱ्हाटीचा कोळसा एकदा वापरून भट्टीत जाळून टाकणे हे महागडे जालक दहा वेळा मिथेनॉलने धुण्यापेक्षा अधिक सुरक्षित ठरू शकते, मात्र तो कोळसा परत गोळा करून पूर्ण जाळण्याची सोय असली पाहिजे.

मोजण्याची क्षमताही राज्यात आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतील अंश तपासण्यासाठी पुण्याच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात उत्तम दर्जाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे द्राक्षे अडवली गेल्यानंतर ती देखरेख आणखी कडक झाली. गावच्या पाणीपुरवठ्याच्या तपासणीत मात्र क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जिवाणू पाहिले जातात; गावात वापरल्या जाणाऱ्या तपासणी संचांत कीडनाशकांची चाचणीच नसते, कारण तिला क्रोमॅटोग्राफीचे उपकरण लागते. निर्यातीच्या घडावर जेवढी नजर असते, तेवढी त्याच बागेशेजारच्या विहिरीवर नसावी, हे खेदजनक आहे, आणि कोणता रेणू काढायचा हेच माहीत नसताना अधिशोषक निवडणे म्हणजे अंधारात हात घालणे आहे.

अधिशोषणाचा सर्वाधिक लाभ जेथे विष अजून पातळ झालेले नाही तेथे होतो, हे वरील गणितावरूनच उघड आहे, आणि शेतीत ती जागा फवारणी पंप धुण्याची आहे. पाठीवरच्या पंपात फवारणीनंतर शंभर मिलिलिटर द्रावण उरले आणि त्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्रियाशील घटक धरला, तर ते ५० मिलिग्रॅम होतात; पंप विहिरीच्या काठावर किंवा ओढ्यात खंगाळला, तर तेवढ्याने पाच लाख लिटर पाणी युरोपीय मर्यादेला पोहोचते. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा हातमोजे, मुखपट्टी आणि मिश्रणे यांची बरीच चर्चा झाली, पण पंप कोठे धुवावा हा विषय मागेच राहिला. स्वीडनमध्ये १९९३पासून यासाठी बायोबेड वापरात आहेत: सुमारे साठ सेंटिमीटर खोल खड्ड्याच्या तळाशी चिकणमातीचा थर, त्यावर निम्मा पेंढा, पाव भाग पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेले वनस्पतिद्रव्य) आणि पाव भाग माती यांचे मिश्रण आणि वर गवत, अशी त्यांची रचना असते. पीट आणि माती विष धरून ठेवतात, पेंढ्यावर वाढणाऱ्या बुरशीची लाकूड मोडणारी विकरे ते हळूहळू मोडतात, आणि मोकळी झालेली जागा पुढच्या धोवणाला मिळते, म्हणजे अधिशोषकाचे पुनरुज्जीवन खड्ड्यातच, विद्रावकाशिवाय व भट्टीशिवाय होत राहते. काही वर्षांनी जुने मिश्रण बाहेर काढून ते कुजवत ठेवतात आणि नवे भरतात.

महाराष्ट्रात पीटऐवजी चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा पऱ्हाटीचा कोळसा आणि पेंढ्याऐवजी गव्हाचा भुसा किंवा चिपाडे वापरता येतील, मात्र बुरशीची वाढ आणि ओलाव्याचे प्रमाण येथील उष्णतेत वेगळे असणार, म्हणून मिश्रणाचे प्रमाण कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर ठरवावे लागेल. जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे ऐन फवारणीच्या दिवसांत, खड्ड्यावर छप्पर नसेल तर पावसाचे पाणी सगळे विष तळातून पुढे ढकलील. आणि काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात-हातभर भेगा पडत असल्याने नुसत्या चिकणमातीच्या तळावर भिस्त ठेवता येणार नाही, तेथे शेततळ्याला वापरतात तसा प्लॅस्टिकचा जाड कागद किंवा काँक्रीटची टाकीच घालावी लागेल.